पानमामीची तिसरी लाइट

पानमामीला फूटपट्टी कधी लागली नाही. तिची वीत हेच तिचं माप. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी झाडांच्या तंबूतली लाइट साखळीची एक कडी वर घेतली. मी स्टुलावर, ती खाली. पानाच्या टोकापासून लाइटपर्यंत तिने हात उभा धरला. दोन विती भरल्या नाहीत. म्हणाली, "एक कडी वर घेवा. पाना भाजतली." मी घेतली. "आता?" "आता ऱ्हवांदे." मी उतरलो, तिने तंबूची चेन ओढली, आणि आम्ही चहा प्यालो. त्या दिवशी यापेक्षा मोठं काही केलं नाही.

पानमामी म्हणजे माझी बायको. विड्याच्या पानांशी तिचा काही संबंध नव्हता, पण नवीन माणूस हमखास विचारायचा, कुठे आहे हो गादी? ती हळदीच्या पानांची मामी. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तिचे आठ डबे होते, रंगाचे रिकामे. त्यात हळद. नागपंचमी आली की चौदा बिऱ्हाडांना पातोळ्यांसाठी पान तिच्याकडून जायचं. तांदळाचं पीठ पानावर थापायचं, आत गूळखोबरं, पान दुमडून वाफवायचं. कोणी म्हटलं की केळीच्या पानावरही होतात, तर तिचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. "होतत मा. पण तेका पातोळी म्हणू नको."

पान देण्याची तिची रीत होती. ओल्या फडक्यात गुंडाळून, देठ घेणारीकडे करून द्यायची. घेणारीने घरी जाऊन पान फाडलं तर तिला कळायचं कसं कोण जाणे, पण कळायचं. मग पुढच्या वर्षी त्या बाईला एक पान कमी. भांडण नाही, बोलणं नाही. एक पान कमी. बायका टरकून असायच्या.

मी मिलमध्ये रंगखात्यात होतो. शाळा चौथीपर्यंत. पण नजर तयार होती. कापडाचा रंग जुळला की नाही ते आम्ही ट्यूबलाइटखाली कधी बघत नव्हतो. ताका खिडकीत न्यायचा, उजेडात धरायचा, मग हो म्हणायचं. ट्यूबलाइट खोटं बोलते हे मला विसाव्या वर्षी कळलं होतं. मामीला मी ते लग्नानंतर सांगितलं, तेव्हापासून ती साडीसुद्धा दुकानाच्या पायरीवर आणून बघायची. दुकानदार मागे धावायचे.

मिल गेली, मी वॉचमनकी केली, म्हातारा झालो. मग चाळ पाडली. तिच्या जागेवर दोन इमारती आल्या. मागची आमची, पुढची विकायची. पुढची एवढी उंच की ऊन त्यांनी घेतलं, सावली आम्हाला दिली. घरात संडास आला, लिफ्ट आली, आणि दुपारी बारा वाजता लाइट लावून तांदूळ निवडायची वेळ आली. मामीने आठ डबे खिडकीत मांडले. हळद वर आली ती बोटाएवढी, पिवळी. नागपंचमीला एकही पान वितीचं झालं नाही.

त्या वर्षी तिने दादरच्या बाजारातून पानं आणली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि चौदा घरी वाटली. घरची म्हणून. तिच्या आयुष्यातलं मला ठाऊक असलेलं हे एकच खोटं. बायकांनी घेतली. घरी आल्यावर ती पातोळ्यांना शिवली नाही. मी म्हटलं, "अगं, पान ते पान. झाडालाच आलेलं आहे ना?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पुढच्या वर्साक घरचां पान देतलंय. नायतर देवचंच नाय." तिथून हे लाइटचं सुरू झालं.

समोरच्या दारात लता कांबळे राहते. महापालिकेच्या दवाखान्यात कामाला आहे, जीभ तिखट. तिने मोबाइलवर दाखवलं की लोक घरात, तंबूत, लाइटवर झाडं वाढवतात. तंबू म्हणजे कपाटाएवढा, बाहेरून काळा, आतून चंदेरी. चंदेरी अशासाठी की उजेड बाहेर न सांडता फिरून पानावरच यावा. मामी बघून म्हणाली, "झाडाक कपाटात घालतलास?" मी म्हटलं, "आपल्याला नाही का घातलं?" लताने तंबू मागवला. लाइट मी आणतो म्हटलं. ती माझी मस्ती.

पहिली लाइट मी एकटाच जाऊन लोहार चाळीतल्या लाइटच्या दुकानातून आणली. दुकानदार म्हणाला, झाडाला लाल आणि निळा हवा, बाकी सगळा फुकट. असेल खरं. घरी लावली तर हॉल जांभळा झाला. लता दारात येऊन उभी. "मामा, डान्सबार काढला का?" दोन दिवसांनी सोसायटीचे सेक्रेटरी आले. खालून खिडकी जांभळी दिसते म्हणे, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं की असल्या तंबूत गांजा लावतात. मामीने तंबूची चेन उघडली, एक पान चुरगाळलं आणि त्यांच्या नाकाला लावलं. "गांजो असोच वास मारता?" सेक्रेटरी मालवणचे. वास घेतला आणि जाताना विचारलं, यंदा पंधरावं घर होईल का.

पण ती लाइट टिकली नाही, कारण त्या उजेडात हिरवं पान काळं दिसायचं. पानावर डाग पडतोय की सावली आहे, कळेना. मामी रोज डबा उचलून जिन्याच्या खिडकीशी न्यायची आणि बघून परत आणायची. या वयात. मी रंगखात्यातला माणूस आणि हिरव्याला काळं दाखवणारा दिवा घरी आणला होता. त्या रात्री मला जेवणात भात कमी पडला.

दुसरी लाइट पांढरी घेतली, दुकानाच्या पाटीवर उजेड मारतात तसली, डोळे दिपतील अशी. जास्त उजेड म्हणजे जास्त ऊन, हा माझा हिशेब. वर आणखी अक्कल चालवली. आमच्या मिलमध्ये तीन पाळ्या चालायच्या, यंत्र थांबायचं नाही, म्हणून मी लाइटही थांबवली नाही. तिन्ही पाळ्या चालू. पहिल्या आठवड्यात पानं उठली, मी छाती काढून फिरलो. दुसऱ्या आठवड्यात कडा करपल्या, पानं खाली लोंबली. मामी तंबूसमोर फतकल मारून बसली. मग उठून बटण बंद केलं. "ह्यांची पण पाळी सुटूक व्हयी. तुम्ही काय तिन्ही पाळ्ये भरत होतात? घराक येवन घोरतच होतात मा?"

तिसऱ्या वेळी ती स्वतः आली. ओल्या फडक्यात हळदीचं एक पान घेऊन. दुकानात प्रत्येक लाइटखाली ते पान धरायची, मग दुकानाबाहेर उन्हात जाऊन धरायची, पुन्हा आत. दुकानदार वैतागला. "मावशी, ये लाइट है, साडी नहीं." ती म्हणाली, "साडी पण आम्ही अशीच घेतो." गिऱ्हाईकं थांबून बघायला लागली. एका लाइटखाली पान उन्हातल्यासारखंच दिसलं, पोपटी शिरेसकट. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. चाळीस वर्षांनी कोणीतरी माझी नजर विचारली होती.

खोक्यावर हजार वॉट लिहिलं होतं. मी म्हटलं, मीटर लाव आणि खरी किती ओढते ते दाखव. दुकानदाराने तोंड वाकडं करून मीटर लावला. दीडशे. "हे असंच लिहितात," म्हणाला. "मग दीडशेची म्हणून दे," मी म्हटलं. मामीने एवढंच विचारलं की उजेड कमी-जास्त करायचा खटका आहे का आणि टांगायला साखळी आहे का. दोन्ही होतं. मी दोन वेळा जाऊन जे विचारलं नाही ते तिने एका दमात विचारलं. टॅक्सीत लाइट तिच्या मांडीवर होती, मला हात लावू दिला नाही.

मग घरात पाळी ठरली. सकाळी सहाला ती बटण लावायची, संध्याकाळी सातला बंद. लता म्हणाली टायमर मिळतो, आपोआप होतं. मामी म्हणाली, "मग मी कित्याक उठू?" लाइट लावली की झाडांशी बोलायची नाही, तसली नव्हती ती. बघायची फक्त. जे पान वितीचं झालं त्याच्या देठाला दोरा बांधायची. शेवटी शेवटी बावीस दोरे होते. नागपंचमीला नऊ दिवस राहिले होते आणि ती रोज चौदा नावं बोटांवर मोजायची, सेक्रेटरीचं धरून पंधरा.

कडी वर घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती भांडी घासता घासता खाली बसली. मी म्हटलं, काय गं? ती उठली नाही. लता धावत आली, छाती दाबली, खूप वेळ दाबली. डॉक्टर नंतर आले. संध्याकाळी भोईवाड्याच्या स्मशानात नेलं.

परत आलो तर घर माणसांनी भरलेलं. वडाळ्याची माझी भावजय कर्ती होती. मामी जिथे गेली तिथे पिठावर दिवा ठेवला होता. भावजयीने तंबूची चेन उघडली, आत बघितलं, बटण बंद केलं, चेन लावली. "भावोजी, सुतकात घरात हा एकच दिवा. तो दुसरा झगमगाट नको." मी म्हटलं, पानं मरतील. ती म्हणाली, "यंदा या घरातलं पान घेणार कोण? वर्षभर सण नाही." वाईट बाई नाही ती. रीतीने वागत होती. मीही आयुष्यभर त्याच रीतीने वागलो. मी उठायचो, खिडकीशी जायचो, परत यायचो. कोणी म्हणालं, मामा, बसा. बसलो. पुन्हा उठलो. आताही हे ओट्याशी उभं राहून लिहितोय, बसलं की पाय आपोआप उठतात.

सकाळी सहाला जाग आली म्हणावं तर झोप नव्हतीच. घर निजलेलं होतं. तंबू उघडला. अंधारात पानांचा वास आला. बटणापर्यंत हात गेला आणि थांबला. पिठावरचा दिवा तसाच जळत होता. भावजयीचा शब्द मोडायचा नव्हता मला, आणि पानंही मरू द्यायची नव्हती. मग लाइट साखळीवरून काढली, वायर गुंडाळून खांद्यावर घेतली. एका हाताने एक डबा कमरेवर घेतला आणि लताच्या दारावर पायाने थाप मारली.

तिने दार उघडलं. केस मोकळे, डोळे सुजलेले. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. सुतकी माणसाने दुसऱ्याच्या घरात पाय ठेवू नये, हे रक्तातच आहे. म्हटलं, "लता, माझ्या घरात ही पानं चालत नाहीत. तुझ्याकडे चालतील का?"

तिने डब्याकडे बघितलं, दोऱ्यांकडे बघितलं. "आमच्यात नसतं मामा सुतकबितक. आत या."

"बायका घेतील का पण?"

"तुमच्या हातचं नाही घेणार, माझ्या हातचं घेतील. कोणी नाक मुरडलं तर यादीतून एक पान कमी, मामीसारखं. या आता. किती डबे आहेत अजून?"

"सात."

"मी आणते. तुम्ही लाइट सांभाळा."

मी चपला काढल्या, आत पाय ठेवला आणि विचारलं, प्लग कुठल्या भिंतीला आहे.