लागले का?

शिंपीकाकांची जुनी गाडी रविवारी भर चढावर तापली. "निघताना पाणी बघा म्हटलं होतं," एवढंच काकू म्हणाल्या आणि गाडीपेक्षा काकाच जास्त तापले. तेव्हापासून अबोला. घरातही काका तोंडात टाचण्या धरून शिवत बसायचे, म्हणजे बोलायलाच नको.

चौथ्या दिवशी ब्रेकचे दिवे गेले. बल्ब काकांनी बदलले; पण ब्रेक दाबून मागचे दिवे बघणार कसे? शेवटी नाक मुठीत धरून त्यांनी काकूंना मागे उभं केलं.

"लागले का?"

काकांनी पुन्हा ब्रेक दाबला.

"आता? अगं, आता तरी?"

वैतागून त्यांनी आरशात पाहिलं. काकूंच्या मागची भिंत लालभडक झाली होती.

"पहिल्यांदाच लागले होते," काकू म्हणाल्या. "चार दिवसांनी तोंड उघडलंत, म्हटलं बोलू द्यावं जरा."