बहिणीच्या परसातलं निशाण

उंची एवढी, की गल्लीत सगळे त्याला ‘डोलकाठी’ म्हणत. मोजणीखात्यात त्याचं काम निशाण धरण्याचं. लाल-पांढरा बांबू जमिनीत रोवायचा, ताठ धरायचा, आणि दुर्बिणीतून बघणाऱ्या साहेबाने हात खाली केला की पुढे सरकायचं. शहराचा पहिला बारीक नकाशा होत होता. विहिरी, जिने, दिव्याचे खांब, सगळं त्यात यायचं होतं.

किनारा शेवटी आला. मोठी भरती ओसरली की काडीकचऱ्याची, शेवाळाची एक रेघ मागे राहते. पाणी तिथवर आलं असं धरून त्या रेघेवर निशाणं लावायची. रेघेच्या आतलं, जमिनीकडचं ते शहराचं; बाहेरचं, पाण्याकडचं ते बंदराचं. बंदराच्या जागेतली घरं कोळशाच्या वखारीसाठी पाडणार, हे आधीच जाहीर झालं होतं.

ताईचं घर अगदी किनाऱ्याला लागून, दार समुद्राकडे. त्याची ही थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच त्याला वाढवलं. नवऱ्यामागे एकटीच राहायची. स्वच्छतेचं भारी वेड. भरतीचा कचरा दारात, परसात आला की उजाडताच झाडून मोकळी. त्यामुळे तिच्या घरापाशी रेघच नव्हती.

साहेबाने दुर्बिणीवरून डोकं काढलं. “इथे काय धरायचं?”

ताई झाडू घेऊन दारातच उभी होती. “माझ्या उंबऱ्याला पाणी शिवत नाही, साहेब. विचारा की माझ्या भावाला.”

शेजारचा जाळी विणणारा भिंतीला टेकून बघत होता. त्याच्याकडे रेघ स्पष्ट होती. सकाळीच त्याच्या घरामागे निशाण लागलं होतं, म्हणजे त्याचं घर जाणार होतं.

“बघू या,” तो म्हणाला, “परक्याच्या दारात ताठ राहणारी काठी बहिणीच्या दारात कशी वाकते.”

डोलकाठीने बांबू उचलला. लहानपणी याच घरात मोठ्या भरतीला ताई त्याला माळ्यावर चढवायची आणि स्वतः चुलीपाशी गुडघाभर पाण्यात उभी राहून तरंगणारी भांडी पकडायची. तो घराला वळसा घालून मागे गेला. परसात बांबू रोवला.

“नक्की?” साहेबाने ओरडून विचारलं.

“नक्की.”

ताईच्या हातातला झाडू खाली पडला. “तुला खांद्यावर घेऊन याच पाण्यातून बाहेर काढलं रे मी.”

“म्हणून तर ठाऊक आहे, ताई.”

जाळीवाला घरात गेला.

ताईने बोलणं टाकलं. घर पाडलं त्या दिवशी तो हातगाडी घेऊन गेला. तिने सामान चढवू दिलं. त्याच्या एकुलत्या एक खोलीत तिने मधोमध लुगड्याचा पडदा बांधला आणि अंधाऱ्या कोपऱ्यात आपलं बस्तान मांडलं.

नकाशा छापून झाला. कचेरीतून डाग पडलेली एक प्रत त्याने मागून आणली आणि जमिनीवर पसरली. पडदा हलला.

“माझं घर कुठे यात?” इतक्या महिन्यांतलं तिचं पहिलं वाक्य.

त्याने रेघेबाहेर कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“म्हणजे पाण्यात.”

“हो.”

ती वाकून बघत राहिली. मग कंबर सरळ करत म्हणाली, “बुडालेल्या बाईला उजेडाची बाजू तरी दे. ऊठ, सरक तिकडे.”

खिडकीशी त्याची खाट होती. ती त्याने ओढत दाराशी नेली. खाटेखालची धूळ बघून ताईने कपाळाला हात लावला आणि झाडू शोधायला लागली.