खांब सरळ केला तेव्हा

नवं शतक नुकतंच लागलं होतं. बीडला बसस्टँडजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी कामाला होते. मालकांनी कॉम्प्युटर, स्कॅनर आणि कलर प्रिंटर आणला होता, आणि ते चालवता येणारी त्या गल्लीत मी एकटीच. त्यामुळे माझं नाक जरा वरच असायचं. गिऱ्हाईक बोलत असलं तरी माझा हात माउसवर आणि डोळे पडद्यावर. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यावं लागतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. मालक लग्नाच्या ऑर्डरला गेले होते. दुपारी चारच्या सुमारास तिशीतली एक बाई पोस्टकार्डाएवढा फोटो घेऊन आली. शिरूर कासारकडच्या कुठल्याशा वस्तीवरची होती. फोटोत मागे डोंगर, बाजरी काढलेलं रान, विहीर, मधोमध विजेचा खांब आणि उजव्या कडेला पत्र्याचं लहानसं घर. तिच्या दिरानं कुणाचा तरी कॅमेरा मागून आणून काढलेला, सगळाच कलंडलेला.

‘‘म्याडम, ह्यो सरळ करा आन मोठा करून द्या,’’ ती म्हणाली. ‘‘लाइटीच्या हापिसातले साहेब म्हनले, फोटोच वाकडा हाय बाई, खांब न्हाई. सरळ फोटो आना, मंग बघू.’’

पुढंही ती बरंच सांगत होती. पावसानं खांबाच्या बुडाची माती गेली, तो घराकडं कलला, तारा पत्र्याच्या हातभर वर आल्या. उद्या पहाटे ऊसतोडीची टोळी निघणार. ती आणि नवरा सहा महिने नसणार. घरात सासू आणि दोन लेकरं राहणार. साहेब साडेपाचला ऑफिसातून उठतात, त्याच्या आत फोटो द्यायला हवा. मी मान डोलावत होते. पण ‘सरळ करा’ एवढंच माझ्या डोक्यात शिरलं होतं.

आमच्या धंद्यात नियम सोपा. फोटोत खांब, भिंत, चौकट, जे उभं असेल ते उभं धरायचं. डोंगरावर भरवसा ठेवायचा नाही, आमच्याकडचे डोंगर कुठूनही बघा, तिरकेच. मी खांबावर रेघ ओढली, फोटो फिरवला, खांब ताठ उभा केला. फिरवला की कोपऱ्यांत पांढऱ्या फटी उरतात. त्या दिसू नयेत म्हणून कडा छाटल्या, रंग थोडा खुलवला आणि प्रिंट काढली. मला वाटलं, कॅलेंडरवर शोभेल.

तिनं प्रिंट हातात घेतली. उजव्या कडेवरून बोट फिरवलं.

‘‘माझं घर कुठाय?’’

मी वाकून बघितलं. कडेबरोबर घरही छाटलं गेलं होतं.

‘‘आन खांब तर नीट उभा केला की तुमी,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘आता म्या साहेबाला काय दावू? त्येंचंच खरं झालं.’’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. घड्याळात पावणेपाच वाजले होते. मी मूळ फोटो पुन्हा स्कॅनरवर ठेवला. पण आता सरळ करायचा कशाच्या आधारानं? पत्रा उतरता, रान उतरतं, खांबावर तर विश्वासच उरला नव्हता. 

ती टेबलाला वळसा घालून आत आली आणि पडद्यावर बोट टेकवलं. ‘‘हिरीवरचा दोर धरा. बादली लटकलीय बघा. भरल्या बादलीचा दोर वाकडा ऱ्हातो का कधी?’’

फोटोत तो दोर उलट्या बाजूला तिरका दिसत होता. मी त्याच्यावर रेघ ओढली आणि फोटो फिरवला. दोर उभा झाला, आणि खांब आणखीनच उजवीकडं, थेट त्या पत्र्यावर झुकला. कलंडलेल्या फोटोनं निम्मा धोका आजवर झाकून ठेवला होता. मी पडद्यापासून मागं सरकले. ती मात्र नुसती म्हणाली, ‘‘हां. अस्साच हाय.’’

कडा छाटायला हात सवयीनं गेला, तो मी मागं घेतला. पांढऱ्या फटी तशाच ठेवल्या. प्रिंटर करकरत एकेक पट्टी बाहेर टाकत होता. लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता, आणि त्या दहा मिनिटांत मी जेवढे देव आठवले तेवढे परीक्षेलाही आठवले नव्हते.

सव्वापाचला मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर रिक्षात बसले. लाइटीच्या ऑफिसात साहेब पिशवी खांद्याला लावून उठतच होते. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला.

‘‘हे कोपरे पांढरे कसे? कॉम्प्युटरवर काय, काहीही वाकडं करता येतं.’’

माझं डोकं फिरलं. ‘‘साहेब, कॉम्प्युटरवर मी खांब सरळच केला होता, हिचं घर छाटून. वाकडा आहे तो तुमचा खांब. मी फोटो फक्त फिरवलाय, पाहिजे तर मागं लिहून सही देते.’’

आजूबाजूचे कारकून माना वर करून बघायला लागले. साहेबांनी घसा साफ केला. ‘‘बरं बरं. अर्ज ठेवून जा. उद्या-परवा माणूस पाठवतो.’’

माझ्या मते काम झालं होतं. मी वळलेसुद्धा. ती जागची हलली नाही.

‘‘उद्या आमी नसूत, साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘लेकरं असतेल.’’

साहेबांनी पुन्हा फोटोकडं बघितलं. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, व्हरांड्यातल्या लाइनमनला हाक मारली आणि ही जाते त्याच एसटीनं आत्ताच्या आत्ता जायला सांगितलं.