सुटलेला फाटा

गाडीत पिकल्या पेरूंचा वास कोंडला, की मला तो शनिवार आठवतो. आमच्या आखाती शहरापासून दूर, दुक्मच्या प्रोजेक्टवर असलेल्या नवऱ्याची सुट्टी संपली होती आणि मी त्याला बसपर्यंत सोडायला निघाले होते. मवालेहच्या मंडईतले पेरू त्याच्या मांडीवर होते, बाहेर उन्हात डोंगर विरघळत होते. एक्सप्रेसवेवर बसकडे जाणारा फाटा आला आणि मी गाडी सरळच नेली. मागून छोटी लेक ओरडली, “आई, एक्झिट गेला!” नेहमी तासभर आधी पोचणारा हा माणूस नुसता म्हणाला, “मिळेल गं बस, इन्शाल्ला.” अख्खा वळसा पडला, तेवढा वेळ तो आमचाच होता. आज तीच लेक कॉलेजसाठी पुण्याला निघाली. पुण्यात काय पेरू मिळत नाहीत? तरी पिशवी तिच्या मांडीवर आहे. विमानतळाचा फाटा मी सोडला, आणि ती ओरडली नाही.