ओट्यावरचे ठिपके

नळावर साचलेले पांढरे क्षार निघावेत म्हणून काल मी व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून ठेवलं. नळ लखलखला. पण फडक्यातले थेंब खालच्या संगमरवरी ओट्यावर पडले आणि तिथली चकाकी गेली. ते निस्तेज ठिपके ओले भासतात, म्हणून सकाळपासून माझा हात सारखा तिकडेच जातो.

"अहो आजी, पाणी नाही ते. किती पुसाल?" भांडी घासता घासता शोभा म्हणाली.

क्षार आणि संगमरवर, दोन्ही मुळात चुन्याचेच. काय काढायचं आणि काय राहू द्यायचं, हे व्हिनेगरला कळत नाही. मला तरी कुठे कळतं? ईशान, रविवारी व्हिडिओ कॉलवर तुझे खांद्यापर्यंत आलेले केस पाहून मी म्हणाले, "या काय झिपऱ्या वाढवल्यास! आधी कापून ये." तू "बरं, आजी" म्हणालास आणि फोन ताईकडे दिलास. तेव्हापासून मी आवरलेलंच घर पुन्हा आवरते आहे.

आत्ताच शोभाने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. केस अजून कापले नसतील, तर तसेच राहू देत. आणि या रविवारी फोन ताईकडे द्यायची घाई करू नकोस.