हाय तशी काढीन

धर्मा पेंटर बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत कधी बघायचा नाही, कानाकडे बघायचा. गावातल्या नव्या सुनांना वाटायचं कुडी निसटली की काय, आणि त्या कान चाचपायच्या. मी एकदा विचारलंच. तर म्हणाला, "वैनी, तोंड माणूस बदलतो. रागाचं येगळं, सासूसमोरचं येगळं. कान बदलत नाय. म्हणून मी कानापासनं धरतो, तोंड शेवटाला."

चौक गावात हायवेच्या कडेला आमचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं, आणि त्याला लागून धर्माचं पत्र्याचं दुकान. मुंबईला रीतसर चित्रकला शिकून आलेला माणूस. समोर बसलेल्या माणसाला हुबेहूब उतरवायचं, हीच त्याची विद्या. पण काम काय मिळायचं? ट्रकच्या मागे मोर आणि कमळं, गॅरेजांच्या पाट्या, नाहीतर मेलेली माणसं. आमच्याकडे भिंतीवर चढायचं ते मेल्यावरच. लोक कुणाच्या तरी लग्नातला फोटो आणायचे, त्यात आजी तिसऱ्या रांगेत, तोंड चिंचोक्याएवढं. आणि वर सांगायचे, जरा उजळ करा, नथ घाला, देवीचे व्रण नकोत. धर्मा तडकायचा. "हाय तशी काढीन. नाय तशी पायजे तर ट्रकवर काढून देतो, मोराच्या शेजारी." मग गिऱ्हाईक फोटो उचलून पनवेलला जायचं.

त्याला एकच ध्यास होता. मुंबईत दरवर्षी चित्रांचं मोठं प्रदर्शन भरायचं, तिथे आपल्या मुलखातलं एक माणूस पाठवायचं, जिवंत, समोर बसवून काढलेलं. पण बसणार कोण? त्याने सरपंचाला विचारलं, मास्तरांना विचारलं. न्हावी तर म्हणाला, "मी जिता हाय तवर माझ्या बायकोला कशाला भ्या घालतोस?" तीन वर्षं अशी गेली.

शेवटी बसल्या त्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्या म्हणाल्या, "मेल्यावर काढलंस तर मी कुठनं बघू रं? काढ आताच."

आत्याबाईंच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं, पांढरं. दात मिश्रीने काळे. दुपारी हॉटेल थंड झालं की त्या धर्माच्या दुकानात सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. अशा अकरा दुपारी बसल्या.

"आत्या, हनुवटी हालवू नको गं."

"हनुवटी नाय हालली तर मी बोलू कशानं?"

"बोलू नको."

"मग मेलेलीच काढ की."

चित्र झालं तेव्हा धर्माने मला बोलावलं. मी दारातच थबकले. कपाळावरची प्रत्येक सुरकुती, तांदळात खुपसलेली बोटं, आणि तो डोळा. चांगल्या डोळ्यात हसू होतं, आणि फुलाच्या डोळ्यातही काहीतरी होतंच. मी इतकी वर्षं त्या डोळ्याकडे बघायचं टाळत आले होते. मी म्हटलं, "धर्माभाऊजी, तेवढा डोळा नीट करा की."

"रोज ताटावर बसता तवा हाच डोळा असतो ना समोर?"

मी भजी तळायला हॉटेलात परतले.

तेलरंग लवकर सुकत नाहीत, म्हणून त्याने ते चित्र दुकानाबाहेर वाऱ्याला लावून ठेवलं. आत्याबाईंचं माहेर पळसदरीचं. तिथला कुणीतरी एसटीने पनवेलला चालला होता, त्याने खिडकीतून ते पाहिलं. रस्त्यावर म्हातारीची तसबीर, म्हणजे म्हातारी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंचा धाकटा भाऊ, त्याची बायको, सुना, सगळी रडत रडत एसटीतून उतरली. हातात माहेरचं लुगडं, शेवटचं नेसवायला आणलेलं.

आत्याबाई ओट्यावर मिश्री लावत बसल्या होत्या. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि भावाला म्हणाल्या, "लुगडं आणलंस ते बरं केलंस. दे इकडं, जितेपणीच नेसते."

आम्ही हसलो. भाऊ मात्र हसला नाही. जित्या माणसाची तसबीर म्हणजे अशुभ, हे त्याने मनाला लावून घेतलं. ते चित्र मुंबईला गेलं तर या घराची पायरी चढणार नाही, म्हणाला. आमचे हे घाबरले, आणि खरं सांगते, मीही घाबरले. प्रदर्शनाला आठ दिवस राहिले होते. मीच गेले धर्माकडे. म्हटलं, "पाठवू नका."

तो माझ्या कानाकडे बघत राहिला. "आत्या काय म्हनते?"

आत्याबाईंना आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. चित्र त्यांचं, चेहरा त्यांचा, पण विचारलं नाही. मी खोटं बोलले. "त्याही नको म्हणतात."

त्याने चित्राला गोणपाट गुंडाळलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं. आत्याबाई पुढे कितीदा विचारायच्या, "माझं मुंबईचं काय झालं गं?" मी विषय बदलायची. धर्माने पुन्हा कुणाला बसायला सांगितलं नाही. मोर काढत राहिला.

नऊ वर्षांनी आत्याबाई गेल्या. तेराव्याला फोटो हवा म्हणून शोधाशोध केली, घरात एकही नव्हता. मी मान खाली घालून धर्माकडे गेले. त्याने गोणपाट सोडलं, धूळ पुसली. डोळा बदला असं या वेळी कुणी म्हणालं नाही. तोच भाऊ, आता वाकलेला, चित्रासमोर उभा राहून म्हणाला, "ही आमची बाय. हीच." धर्मा माझ्या शेजारी होता. हळूच म्हणाला, "वैनी, नऊ वर्षं उशीर झाला."

मी त्याला त्या दिवशी माझं खोटं सांगून टाकलं. तो म्हणाला, "म्हाईत हुतं. आत्यानंच मला इचारलं हुतं, कधी पाठवतोस म्हनून. पन तिचं म्हायेर तोडून कसं पाठवू?" आणि तरीही इतकी वर्षं आमच्याच हॉटेलात रोज चहा प्यायला होता. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, "मला काढा. आत्ता, जिवंतपणी. मी बसते." तोवर त्याचा हात थरथरायला लागला होता. तरी बसवलं. कान झाले, कपाळ, नाक, डोळे झाले. रोज एखादी रेघ जमायची, चार पुसाव्या लागायच्या. तोंड शेवटाला ठेवलेलं, आणि त्याआधी धर्माच गेला.

माझं ते अर्धं चित्र मी आत्याबाईंच्या चित्राशेजारी लावलंय. घरात येणारा दचकतो, आधी भिंतीकडे बघतो, मग माझ्याकडे. आयुष्यभर बडबडलेली बाई, आणि नेमकं तोंडच नाही. मुलगा म्हणतो, खोपोलीत एक चांगला आर्टिस्ट आहे, पुरं करून घेऊ. मी म्हटलं, हात लावायचा नाही. हाय तसं राहू दे.