आमच्या घराण्याचा अंगठा

माझा थोरला भाऊ रंगारी. त्याला सगळे शिडी म्हणतात, कारण ठेंगण्या खोल्यांचं छत तो जमिनीवर उभा राहूनच रंगवतो. आमच्या घराण्यात सगळे असेच. ताडमाड उंची, हात गुडघ्यापर्यंत, छाती मध्येच खोलगट, पावलं सपाट. ओल्या फरशीवरचा ठसा बघून आई सांगायची, आपलंच कोणीतरी गेलंय. मी एकटी बुटकी. दादा मला दवाखान्यात बदललेली म्हणायचा. मी म्हणायचे, तुझी अक्कल गुडघ्यात आहे आणि हात तिथवर पोचतो, एकदा चाचपून बघ.

आणखी एका गोष्टीचा घरात अभिमान होता. आमच्याकडे कोणी अंथरुणाला खिळत नाही. आजोबा बेचाळिसाव्या वर्षी जिन्यात गेले, बाबा चव्वेचाळिसाव्या वर्षी दाढी करताना. "कोणाकडे पाणीसुद्धा मागितलं नाही," असं आई कौतुकानं सांगायची. दादाला त्रेचाळिसावं लागलं तेव्हा मला हे कौतुक काही पचेना, पण बुटक्यांना विचारतो कोण.

मग त्याच्या भिंतीवरच्या रेघा वाकड्या यायला लागल्या. चष्मेवाल्यानं तीनदा नंबर बदलला आणि शेवटी कंटाळून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, डोळ्यातलं भिंग जागचं सरकलंय म्हणाल्या, आणि मग डोळे सोडून त्याच्या हातांकडेच बघत बसल्या.

"अंगठा आत घालून मूठ मिटा."

अंगठ्याचं टोक करंगळीच्या बाजूनं बाहेर आलं.

"आता दुसऱ्या हाताचं मनगट धरा."

अंगठा आणि करंगळी एकमेकांवर चढली.

"आमच्या घरात सगळ्यांना जमतं," दादा म्हणाला. चेहरा वर्गात पहिला आल्यासारखा.

"घरात कोणी अचानक गेलंय?"

"सगळेच," तो त्याच तोऱ्यात म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. शरीराला आतून बांधून ठेवणारा जो चिवट धागा असतो, तोच म्हणे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सैल. त्यांनी हृदयाची सोनोग्राफी करायला लावली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मुळाशी फुगली होती. फाटायच्या आत ऑपरेशन करून ती बदलायला हवी होती. आणि प्रत्येक मुलात हे उतरण्याची शक्यता निम्मी.

दादानं साफ नकार दिला. छाती उघडायला मी काय कपाट आहे, म्हणाला. जायचं तेव्हा झटक्यात जाईन, बाबांसारखा. मी त्याला नाही नाही ते बोलले. मला भयंकर भीती वाटत होती, आणि भीती वाटली की माझी जीभ सुटते. त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही. तुझ्या लेकीचं काय, असं विचारलं तेव्हा मात्र तो दुसऱ्याच दिवशी तिला तपासायला घेऊन आला.

पोर चौदा वर्षांची, आत्ताच माझ्यापेक्षा दीड हात उंच. तिचीही रक्तवाहिनी थोडी फुगलेली निघाली. सध्या गोळ्या, दरवर्षी तपासणी, पुढेमागे ऑपरेशन, असं बाईंनी सावकाश समजावलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "ऑपरेशनला आत गेलेला माणूस परत येतो ना?"

बाई उत्तर देणार तेवढ्यात दादा खुर्चीतून उठला.

"माझी तारीख लवकरात लवकरची द्या," तो म्हणाला. "मी परत आलेला तिला दिसायला हवा."